एक पार्किंग, दोन गाड्या : बाबांची पद्मिनी ठेवू की नवी घेऊ?

दुसरा_गिअर (धागाकर्ता), शनिवार रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पार्ल्याची आमची इमारत पुनर्विकासातून एकदाची उभी राहिली, पुढच्या महिन्यात ताबा. पार्किंगच्या चिठ्ठ्या काढल्या, आम्हाला एकच जागा आली, पझल पार्किंगमधला (यंत्राने गाड्या एकावर एक सरकवून ठेवतात ते) खालचा ट्रे. दुसऱ्या जागेचा भाव विचारला आणि आकडा ऐकून विषय सोडून दिला.

आमच्याकडे बाबांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बदामी रंगाची. भाड्याच्या घरात होतो तेव्हा ती वसईला मावशीच्या वाडीत ताडपत्रीखाली ठेवली. महिन्यातून एकदा जाऊन चालू करतो, वाडीतल्या वाडीत पुढेमागे करतो. आता बायकोचं म्हणणं, नवीन ऑटोमॅटिक घेऊ. मुलगी पुढच्या वर्षी अठराची होईल, तिलाही शिकायचं आहे. जागा एक, त्यामुळे एकीला निरोप द्यावा लागणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईसाठी पद्मिनीपेक्षा नीट आखलेली गाडी नंतर झाली नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की पुढच्या दोन्ही मडगार्डची टोकं दिसतात. काचा मोठ्या, खांब बारीक. दीड मीटरहून कमी रुंद, म्हणून गल्लीत समोरून टेम्पो आला तरी छातीत धडकी भरत नाही. गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघं बसायचो. मी मधे. बाबा दुसरा गिअर टाकायचे तेव्हा त्यांचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं, माझं इथलं नाव तिथूनच आलंय. पुढच्या दारातली ती तिकोनी काच अशी वळवायची की माहीमच्या खाडीवरचा वारा थेट तोंडावर.

जुन्या गाडीची किंमत कशात मोजायची, आणि डिझाइन म्हणून मी म्हणतोय ते पटतं का, दोन्हीवर बोला.

काळीपिवळी, रात्री ११.०५

पटतं. माझ्या वडिलांनी दादर स्टेशनबाहेरच्या स्टँडवर २१ वर्षं पद्मिनी चालवली. त्या टॅक्सीवर आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं झाली. लोक म्हणतात भंगार होती. तिच्या टपावर कोकणात जाणाऱ्या माणसांच्या ट्रंका, गाद्या, एकदा तर शिवणयंत्र गेलंय. मागे चौघं, पुढे दोघं, आणि तरी पुलावर चढायची.

मे महिन्यात पेट्रोलची लाइन तापून गाडी मधेच बंद पडायची. तेव्हा पप्पा सीटखालची पाण्याची बाटली काढायचे, फडका ओला करायचे आणि बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर घालायचे. चर्र असा आवाज यायचा. मग बोनेटवर हात ठेवून दहा मिनिटं उभे राहायचे, गुरं दमली की माणूस थांबतो तसे. फडका अर्धा वाळला की स्टार्टर. कधी दुसऱ्यांदा मारावा लागला नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती. वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात पप्पा जेवताना फार बोलले नाहीत.

झेन९७, रविवार सकाळी ८.२०

काळीपिवळी, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण धागाकर्त्याशी मी असहमत आहे, आणि ठामपणे.

पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. आपल्याकडे तो आकार १९६४ मध्ये आला. आधी फियाटच्याच नावाने, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची. आणि हीच गाडी किरकोळ बदलांसह जवळजवळ २००० सालापर्यंत विकली गेली. म्हणजे पस्तीसएक वर्षं ज्या आकाराला कोणी हात लावला नाही, त्याला आपण "नीट आखलेली" म्हणतोय. हात लावायची गरजच नव्हती, कारण पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत उभं राहणारी माणसं होती.

मुंबईची गाडी बघायची तर १९९३ ची झेन बघा. ९९३ सीसी, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, बॉनेट इतकं खाली की समोर रस्ताच दिसतो. पेडर रोडच्या उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये सोडली की कळायचं, गाडीचं वजन आणि इंजिन एकमेकांसाठी बनलंय. कुठे एक जादा रेघ नाही. माझी अजून घरात आहे, १९९७ ची, विकणार नाही.

टायरवाला, सकाळी ८.३१

झेनला +१. फक्त मागे बसणाऱ्या मोठ्या माणसांना एकदा विचारा.

झेन९७, सकाळी ८.३४

मागे कोणी बसतच नाही. चालवायलाच भांडतात.

मिस्त्री_कुर्ला, सकाळी ९.५०

दोघांचं वाचलं. मी गेली तीस वर्षं या गाड्यांच्या खाली झोपतोय, म्हणून कामाचं बोलतो.

धागाकर्ते दादा, महिन्यातून एकदा चालू करून वाडीत पुढेमागे करणं म्हणजे गाडीला आजारी पाडणं. इंजिन पूर्ण गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आतून गंजतो. वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवा, नाहीतर चालूच करू नका.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंगं त्यात फुगतात, मग भेगा पडतात. हे सगळं बदलून घ्या, फार खर्चाचं नाही, पण गळती लागली तर आगीचा खेळ आहे. बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि वसईची हवा तुम्हाला माहीतच आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅट उचला. पद्मिनीचं इंजिन सहसा मरत नाही, फरशीचा पत्रा मरतो. मॅटखाली ओल राहते, वरून काही दिसत नाही. अंगठा दाबा. पत्रा दबला तर समजा खाली कागद झालाय. बॅटरीच्या खालची जागा आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकवल्यात तीही बघा. तो पत्रा चांगला असेल तर गाडी चांगली.

स्पेअरची काळजी नको. कुर्ल्याला सीएसटी रोडवर अजून बरंच मिळतं. चोर बाजारात तिकोनी काचेची कडी मिळते, फक्त घासाघीस करायला सकाळी जा.

स्मिता_ठाणे, सकाळी ११.१५

सगळे आठवणींत रमलेत म्हणून थोडं कठोर बोलते, राग मानू नका. मी परिचारिका आहे, अपघात विभागात बारा वर्षं काढली.

दुसरा_गिअर, तुम्ही ज्या बारीक खांबांचं कौतुक केलंत, गाडी उलटली तर तेच आधी वाकतात. आजच्या गाडीचा खांब जाड आहे कारण तो छत तोलून धरतो. काही गाड्यांत दाराच्या वर, छताच्या कडेत, पडद्यासारखी एअरबॅग असते. जुन्या स्टिअरिंगचा दांडा सरळ आणि ताठ असायचा, समोरून धडक बसली की छातीवर यायचा. डोक्यामागे आधार नाही, त्यामुळे मागून साधा धक्का बसला तरी मान जाते. आणि तुम्ही मधे बसायचात ना, बाबांच्या कोपराशी, त्या जागेला पट्टा नव्हता. मी त्या जागेवरून आलेली मुलं पाहिली आहेत.

डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदा. २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. हे मिळायला किती वर्षं गेली बघा. मुलगी शिकणार आहे म्हणता, तर माझ्या लेखी प्रश्न सुटलेला आहे.

दुसरा_गिअर, दुपारी १२.०२

स्मिताताई, राग कसला. तुमची मधल्या सीटची ओळ दोनदा वाचली. मुलगी पद्मिनीवर शिकणार नाही, एवढं आत्ताच ठरवलं.

मिस्त्री, पुढच्या रविवारी मॅट उचलतो. इतक्या वर्षांत कधी उचललीच नव्हती.

लँडमास्टर, दुपारी ३.४०

माझे वय ८२. नातवाने हा धागा वाचून दाखवला, मग मीच टंकायला बसलो. फियाटचा विषय निघाला आहे तर थोडे मागे जातो.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांची कंपनी, स्थापना १९४४. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लरच्या परवान्यावर मोठ्या डॉज, प्लिमथ जुळवत. मग फियाट आली. पद्मिनीच्या आधीच्या गोलमटोल फियाटला सगळी मुंबई डुक्कर फियाट म्हणे. नाकाड पुढे, पाठ गोल, नाव अगदी बसले. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. नऊवारीतल्या बायकांना त्यात बसायला फार सोयीचे. आधी टेकायचे, मग पाय आत घ्यायचे. आमची आई त्या गाडीत राणीसारखी बसे.

गाडीच्या डिझाइनची खरी परीक्षा म्हातारा माणूस करतो, असे मला आता वाटते. जुन्या फियाटची, अ‍ॅम्बॅसॅडरची सीट खुर्चीसारखी उंच होती. नंतर नव्वदीत ज्या गाड्या आल्या त्या दिसायला देखण्या, पण त्यांत उतरावे लागे, विहिरीत उतरल्यासारखे. आणि आजच्या उंच गाड्यांत चढावे लागते. मला ना उतरायचे आहे, ना चढायचे. सीट गुडघ्याच्या मागच्या खाचेपेक्षा किंचित वर असावी, दार काटकोनाइतके उघडावे, आणि खांबाला धरायला मूठ असावी. धागाकर्त्यांनी वडिलांच्या गुडघ्यांचा उल्लेख कुठे केला नाही. ते किती वर्षांचे?

दुसरा_गिअर, दुपारी ४.१०

काका, ७८. डावा गुडघा बदललाय. तुम्ही म्हणता ती उंची मोजायची, हे डोक्यातच आलं नव्हतं.

हावडा_ते_दादर, संध्याकाळी ६.२५

अ‍ॅम्बॅसॅडरचं नाव निघालं म्हणून आलो. नोकरीनिमित्त कोलकात्याला सहा वर्षं होतो. तिथे काळीपिवळीच्या जागी पिवळी अ‍ॅम्बॅसॅडर. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनायची, मे २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. कुर्ल्याच्या गाडीने मुंबई भरली आणि उत्तरपाड्याच्या गाडीने कोलकाता, इतकं सरळ गणित होतं.

चालवायला फियाट हलकी, बसायला अ‍ॅम्बॅसॅडर ऐसपैस. फियाटचा गिअर बोटांनी पडायचा, अ‍ॅम्बॅसॅडरचा खांद्याने.

घाटरस्ता, संध्याकाळी ७.००

अवांतर : पद्मिनीने जुन्या बोरघाटातून कोण कोण गेलंय? आम्ही खोपोलीला थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालायचो, वडापाव खायचो, मग चढायला सुरुवात. शिंग्रोबाच्या देवळापाशी आजी खिडकीतून नाणं टाकायची. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली त्याचं ते देऊळ, आणि आजीची श्रद्धा अशी की शिंग्रोबाला नाणं दिलं की इंजिन तापत नाही. तापायचंच. मग गाडी बाजूला लावून दरीतलं धुकं बघत बसायचो. एक्सप्रेस वेवरून दीड तासात लोणावळा येतं आता, पण कुठे थांबलो होतो ते आठवत नाही.

टायरवाला, संध्याकाळी ७.०८

खोपोलीच्या वडापावला +१००.

सिएरा_९२, रात्री ९.१५

झेन झाली, फियाट झाली, टाटांचं नाव कोणी घेत नाही म्हणून लिहितो.

१९९१ ची सिएरा आठवा. तीन दरवाजे, आणि मागची काच बाजूने वळून थेट छतापर्यंत गेलेली. मागे बसलं की मत्स्यालयात बसल्यासारखं. ती काच उघडायची नाही, मागे बसायला पुढची सीट पाडून आत शिरावं लागायचं, हे सगळं मान्य. पण भारतात कोणीतरी पहिल्यांदा रेघ ओढताना मनात म्हणालं असेल की लोकांनी वळून बघावं. २०२५ मध्ये नवीन सिएरा आली, पाच दरवाज्यांची, आणि त्या काचेची आठवण म्हणून खांबांना काळा रंग देऊन तोच आकार भासवलाय. एवढ्या वर्षांनी एक काच लोकांच्या लक्षात राहते, याला मी डिझाइन म्हणतो.

मग १९९८ ची इंडिका. रतन टाटांनी तेव्हा मागणी काय केली होती? झेनचा आकार, अ‍ॅम्बॅसॅडरची जागा, मारुती ८०० च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा खर्च. एका वाक्यात इंजिनिअरला इतकं स्पष्ट काम क्वचित कोणी दिलं असेल.

आणि आता ज्यावर सगळे तुटून पडतील ते सांगतो. मुंबईसाठी सगळ्यात हुशारीने आखलेली गाडी नॅनो होती. लांबी जेमतेम ३.१ मीटर, चार मीटरच्या त्रिज्येत वळायची, इंजिन मागे ठेवल्यामुळे आत चार मोठी माणसं नीट बसायची. आणि लँडमास्टर काका, सीट अगदी तुम्ही सांगितलीत तशी, खुर्चीसारखी.

झेन९७, रात्री ९.३२

नॅनोची डिकी बाहेरून उघडायची नाही. सामान मागची सीट पाडून आतून ठेवायचं. चाकाला तीनच नट, वायपर एकच.

सिएरा_९२, रात्री ९.५०

तीन नट आणि एक वायपर तेवढ्या वजनाच्या गाडीला पुरतात, तिथे उगाच चौथा नट लावला नाही हीच अक्कल आहे. डिकीचं मात्र मान्य. नंतर २०१५ च्या मॉडेलला मागचं दार उघडणारं दिलं, पण उशीर झाला होता. नॅनोला "एक लाखाची गाडी" या शब्दांनी मारलं. आपल्याकडे माणूस गाडी घेतो तेव्हा शेजाऱ्याला किंमत कळू नये असं वाटतं, आणि या गाडीची किंमत देशातल्या प्रत्येक पोराला पाठ होती. पावसात स्कूटरवरून जाणारं चौघांचं कुटुंब बघून ती सुचली. त्या कुटुंबाने ती घेतली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ओव्हरटेक, सोमवार सकाळी १०.०५

तुम्ही सगळे म्युझियम फिरताय. २०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची एसयूव्ही घ्या आणि विषय संपवा. जुलैत हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, तिथे तुमची झेन काय पोहणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माझ्या काकांची छोटी गाडी छतापर्यंत बुडली.

मिस्त्री_कुर्ला, सकाळी १०.४०

त्या पावसानंतर तीन महिने मी पाण्यातल्या गाड्यांचंच काम केलं. छोट्या होत्या, मोठ्याही होत्या. इंजिनला पाणी खालून मारत नाही, हवा जिथून आत घेते तिथून मारतं. ते तोंड कुठे आहे बघा. काही उंच गाड्यांत ते ग्रिलच्या मागे, वाटतं त्यापेक्षा बरंच खाली असतं. समोरून बस गेली की लाट येते, आणि एक घोट पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकला. पाणी दाबलं जात नाही, रॉडच वाकतो.

पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. कोणतीही गाडी असो. ढकलून बाहेर काढा आणि टोचन करून आणा. दुसऱ्यांदा चावी फिरवली तिथे खर्च वाढतो.

वीणा_मुलुंड, सकाळी ११.३०

एसयूव्हीवरून आठवलं. आपल्याकडच्या गाड्यांचा आकार कागदावर ठरतो, हे कोणी बोललं नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांबीला कमी आणि इंजिन छोटं असलेल्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं. तेव्हापासून प्रत्येक गाडी ३,९९५ मिलिमीटरला येऊन थांबते. डिकीवाल्या गाड्यांचे मागचे भाग कापून बसवले, काही तर अशा दिसतात की शिंप्याला कापड कमी पडलं. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, छोट्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४०, पण चार मीटरची रेघ तशीच. आणि ही गोष्ट मला आवडते, की पद्मिनी त्या नियमाच्या चाळीस वर्षं आधी चार मीटरच्या आत होती, आणि तिची डिकी डिकीसारखी दिसायची.

आता मुद्द्याचं, दुसरा_गिअर. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, पझल पार्किंगच्या तक्रारी माझ्याकडे येतात. तुम्ही "खालचा ट्रे" म्हणालात. त्याची उंची मोजलीत का? आमच्याकडे खालच्या ट्रेला १५५० मिलिमीटरच्या वरची गाडी चालत नाही. दोघांनी नवीन गाड्या घेतल्या, घरी आणल्या आणि मग कळलं. एक अजून रस्त्यावर लावतो. ट्रेची मोकळी उंची, आतली रुंदी आणि वजनाची मर्यादा या तीन गोष्टी बिल्डरकडून लेखी घ्या. आरसे मिटून रुंदी मोजा.

आठबावन्न_फास्ट, दुपारी १.१५

एक वेगळा विचार. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत गेली. मी गाडी विकली, ट्रे सोसायटीतल्याच एकांना भाड्याने दिला. गाडीची किंमत मोजताना ती दिवसातले बावीस तास उभी असते, तेही धरा.

सिएरा_९२, दुपारी १.२०

डोंबिवलीहून आठ बावन्नच्या लोकलला बसायला जागा मिळते का?

आठबावन्न_फास्ट, दुपारी १.२२

उभा असतो. पण पोहोचतो.

संपादक मंडळ, दुपारी २.००

चर्चा छान चालू आहे. लोकलचा वेगळा धागा आहे, तिथे जावे ही विनंती.

दुसरा_गिअर, बुधवार रात्री १०.१५

वीणाताई, तुम्ही वाचवलंत. काल टेप घेऊन गेलो. मोकळी उंची १५६०. आम्ही जी कॉम्पॅक्ट एसयूव्ही जवळजवळ बुक केली होती ती १६०० च्या वर आहे. लँडमास्टर काकांच्या हिशेबाने बघितलेली वॅगन आर १६७५. सिएरा_९२, नॅनोसुद्धा १६५० च्या आसपास. पद्मिनी साधारण १४७०, ती आरामात जाते. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तू इमारतच पद्मिनीच्या मापाने बांधून घेतलीस.

म्हणजे नवीन घ्यायची तर बुटकी घ्यावी लागेल, आणि बुटकीत बाबांना बसता येणार नाही.

वीणा_मुलुंड, रात्री १०.४०

वरचा ट्रे कोणाला आलाय ते बघा. ज्यांच्याकडे सेडान आहे त्यांना खालचा चालतो. आमच्याकडे अशा चार अदलाबदली झाल्या, दोन्ही घरांचं पत्र आणि कमिटीचा ठराव, एवढंच लागतं. ताबा घ्यायच्या आधी करा, नंतर लोक भाव सांगतात.

लँडमास्टर, गुरुवार सकाळी ७.१०

वडिलांना शोरूममध्ये घेऊन जा. टेपने मोजू नका, त्यांना बसवा. तीन वेळा बसवा आणि तीन वेळा उतरवा. पहिल्यांदा सगळेच उत्साहाने बसतात.

दुसरा_गिअर, तीन आठवड्यांनंतर, रविवार रात्री ९.३०

उशिरा येतोय, कारण बरंच झालं.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना वरचा ट्रे आला होता, त्यांच्याकडे जुनी होंडा सिटी. ट्रे बदलले, ठराव झाला. बाबांना पाच गाड्यांत तीन-तीनदा बसवलं. दोन एसयूव्हींत ते चढताना मूठ शोधत राहिले. एका सेडानमधून तिसऱ्यांदा उतरताना माझा हात धरला. शेवटी उंच हॅचबॅक ठरली, ऑटोमॅटिक, सहा एअरबॅगवाली. बाबांनी तिच्या दाराची मूठ दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "पत्रा पातळ आहे, पण बसायला फियाटसारखी आहे."

मग पद्मिनी. एकजण गाडी बघायला आला होता, चांगली किंमत देत होता. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणार, इंजिन काढून टाकणार. बाबा काही बोलले नाहीत, वाडीत जाऊन गाडीत बसले. डावा पाय क्लचवर ठेवला, अर्ध्यापर्यंत गेला, पुढे गुडघा वाकेना. मग पाय काढून घेतला आणि गिअर नुसता हातानेच हलवून बघितला, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. त्या माणसाला मी नाही म्हणून सांगितलं.

मिस्त्री, मॅट उचलली. तीन बाजूंना पत्रा घट्ट आहे. ड्रायव्हरच्या पायाखाली अंगठा दबला, तळहाताएवढ्या जागेत. मावशी म्हणते शेड बांध आणि गाडी राहू दे, वाडी पडलीच आहे. पण तुम्ही म्हणता तसं रस्त्यावर चालली पाहिजे, तर आठवड्यातून एकदा चालवायला वसईत कोणी आहे का?

काळीपिवळी, रात्री ९.४४

मी नालासोपाऱ्याला राहतो. दर रविवारी येईन. पैसे नकोत. पप्पांना सोबत आणू का? ते आता चालवत नाहीत, पण बाजूला बसतील.

दुसरा_गिअर, रात्री ९.४६

आणा. नक्की आणा. बाबाही येतील.

झेन९७, रात्री ९.५८

माझं मत बदललेलं नाही, झेनच. पण इंजिन काढू दिलं नाहीत हे फार चांगलं केलंत. पुनर्नोंदणीची तारीख बघून ठेवा. आणि ही १९८७ ची आहे ना, २०३७ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण होतील. २०२१ च्या नियमाप्रमाणे तेव्हा विंटेज म्हणून नोंदवता येते, वीस हजार फी, व्हीएवाला नंबर मिळतो. तोवर फरशी टिकवा.

स्मिता_ठाणे, रात्री १०.१०

पुढे दोघांनीच बसायचं. मधे कोणी नाही. आणि पुढच्या दोन्ही सीटला पट्टे बसवून घ्या, मिस्त्रींना विचारा कुठे अडकवायचे ते.

मिस्त्री_कुर्ला, रात्री १०.३५

पट्टे बसतील, खांबाला आणि फरशीला आतून जाड पट्टी वेल्ड करून, नुसत्या पत्र्याला नाही. पण आधी तो सडका भाग कापून नवीन पत्रा टाकावा लागेल.

या रविवारी येतो. ग्रीस गन, पेट्रोलचे पाइप आणि पंपाची किट मी आणतो. तुम्ही शनिवारीच मॅट काढून ठेवा, चारही दारं उघडी टाका, दिवसभर ऊन लागू दे. बॅटरीची वायर काढा. आणि वाडीत वेल्डिंगला लाइट पुरेल का, ते मावशींना विचारून कळवा.